कॉनराड लोरेन्झ : माशांच्या भांडणांचा अभ्यासक

राजघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून आपण तापीचे जे पाणी पाहतो, ते पुढे सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. समुद्र आपल्या बऱ्हाणपुरापासून दूर, आणि प्रवाळांच्या बेटांभोवती विहरणारे रंगीत मासे तर त्याहूनही दूर. तथापि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल, त्यांनी काचेमागच्या त्या नवलाईच्या गोष्टी घरी ऐकल्या असतील.

प्रवाळांत राहणाऱ्या माशांमध्ये शस्त्रवैद्य माशांचे एक कुळ आहे. इंग्रजीत त्यांना सर्जनफिश किंवा टँग म्हणतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो, म्हणून हे नाव. यांतील बहुतेक मासे शेवाळ खाऊन राहतात. परंतु एकाच हौदात त्याच जातीचा दुसरा मासा सोडला, तर पहिला त्याच्यावर तुटून पडतो आणि कित्येकदा त्याचा जीव घेतो. इतके देखणे प्राणी आपल्याच भाईबंदांशी एवढे का भांडतात, हा प्रश्न ज्यांनी हौदापाशी बसून शास्त्रीय दृष्टीने सोडवू पाहिला, त्या कॉनराड लोरेन्झ यांचे हे चरित्र आहे.

लोरेन्झ यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ रोजी ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरी झाला. वडील अडोल्फ लोरेन्झ हे जगप्रसिद्ध अस्थिवैद्य होते. जन्मतः निखळलेले मुलांचे खुबे ते सुरी न लावता जागेवर बसवीत. पित्याने सुरी बाजूला ठेवली आणि पुत्र पुढे सुरी बाळगणाऱ्या माशांच्या जगात शिरला, हा एक मौजेचा योग म्हणावा! डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्ग गावी त्यांचे मोठे घर होते. छोट्या कॉनराडने तेथे मासे, पक्षी, बदके, नाना प्राणी गोळा केले. शेजाऱ्यांकडून मिळालेले बदकाचे एक दिवसाचे पिल्लू त्याच्या मागे मागे फिरू लागले, आणि तो त्यात रंगून गेला. या खेळातील त्याची सवंगडी ग्रेटल हीच पुढे त्याची पत्नी झाली.

वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व १९२८ मध्ये पदवी मिळविली. मन मात्र प्राण्यांतच होते. १९३३ मध्ये प्राणिशास्त्राचीही डॉक्टरेट त्यांनी घेतली. अंड्यातून बाहेर पडलेले हंसाचे पिल्लू प्रथम ज्या हलत्या प्राण्यास पाहते, त्यालाच आई मानून त्याच्या मागे जाते, या त्यांच्या निरीक्षणाने त्यांचे नाव सर्वत्र झाले.

१९३६ मध्ये त्यांची गाठ निको टिंबरगेन या डच शास्त्रज्ञाशी पडली आणि दोघांची गाढ मैत्री जुळली. स्टिकलबॅक नावाच्या लहानशा काटेरी माशाची भांडणे हा दोघांच्याही आवडीचा विषय. हौदाच्या दोन टोकांना दोन नर घरटी करतात. आपल्या घरट्याजवळ असताना प्रत्येक जण शूर असतो. शत्रूचा पाठलाग करीत तो जसजसा दूर जातो, तसतसे त्याचे बळ ओसरते. इकडे पळणाऱ्याचे घर जवळ येते, त्याला जोर चढतो आणि तो उलटतो. असे हेलकावे खात खात शेवटी दोघे ज्या जागी थांबतात, ती त्यांची सरहद्द. माशाचे शौर्य त्याच्या अंगात जितके असते तितकेच ते जागेतही असते.

यानंतरचा भाग लिहिताना लेखणी अडखळते. पण तो गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, त्याच वर्षी लोरेन्झ नाझी पक्षाचे सभासद झाले. वंशशुद्धीच्या त्या विषारी विचारांना शास्त्राचा आधार देणारे लेख त्यांनी लिहिले. १९४० मध्ये त्यांना क्योनिग्सबर्ग येथे प्राध्यापकपद मिळाले. माशांच्या भांडणांचे मर्म जाणणारा हा मनुष्य माणसांच्या द्वेषाला बळी पडला. तिकडे हॉलंडात ज्यू प्राध्यापकांच्या बडतर्फीचा निषेध करणाऱ्यांत टिंबरगेन होते, आणि त्याबद्दल जर्मनांनी त्यांना दोन वर्षे ओलीस म्हणून कोंडून ठेवले होते.

लोरेन्झ लष्करात डॉक्टर म्हणून गेले व १९४४ मध्ये रशियनांच्या हाती सापडले. कैदेत, आर्मेनियाच्या छावणीत, सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. १९४८ मध्ये सुटले तेव्हा हे हस्तलिखित व मैनेच्या कुळातील एक पाळीव पक्षी घेऊन ते घरी आले. पुढच्याच वर्षी केंब्रिज येथे टिंबरगेन त्यांना भेटले. एवढे सोसूनही त्यांनी मैत्री पुन्हा जोडली, ह्याचे श्रेय मी तरी टिंबरगेन यांसच देईन.

युद्धानंतर लोरेन्झ प्रथम बुल्डर्न व मग बव्हेरियातील झेविझेन येथील संस्थेत काम करू लागले. तेथे प्रवाळी माशांचे हौद भरले गेले. निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र सोडून कोण कोणाला चावतो याची मोजदाद झाली. बहुतेक चावे स्वजातीयांनाच बसत होते! लोरेन्झ यांनी तर्क बांधला, तो असा : भडक रंग ही जणू टांगलेली पाटी आहे. ती वाचून मासा आपल्यासारख्यालाच हाकलतो, कारण तोच त्याच्या अन्नाचा खरा वाटेकरी. समुद्रात हरलेला मासा पळून दुसरी जागा गाठतो. मासे विखुरतात व अन्न सर्वांना पुरते. हौदात मात्र पळावयास जागा नसते, म्हणून तेथे खून होतो. हा विचार त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील ग्रंथात मांडला.

हौद राखणारे लोक आज शस्त्रवैद्य मासे पाळताना ज्या युक्त्या करतात, त्यांचा उलगडा या निरीक्षणांवरून होतो. हौद लांबरुंद घेतात; एका जातीचा आणि एका घडणीचा शक्यतो एकच मासा ठेवतात. सर्वांत तामसी मासा शेवटी सोडतात, म्हणजे त्याला आधी मालकी गाजविता येत नाही. नवा मासा आणला की दगडांची मांडणी बदलतात. जुन्या रहिवाशाच्या खुणा पुसल्या जातात आणि त्याचे जागेतले शौर्य निम्मे होते. कोणी नव्यास छिद्रे पाडलेल्या पेटीत काही दिवस हौदातच ठेवतात, म्हणजे ओळख होते व चावा बसत नाही. कोणी काचेबाहेर आरसा लावून जुन्याचा राग त्याच्याच प्रतिबिंबावर खर्चू देतात. शेवाळ एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवतात. मार खाऊन भेदरलेल्या माशास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर जडतो, हेही ते जाणून असतात.

लोरेन्झ यांचा रंगांचा सिद्धान्त पुढे जसाच्या तसा टिकला नाही. शेवाळावर जगणारे काही मासे परजातीच्याही शेवाळखाऊंना हाकलतात, असे नंतरच्या अभ्यासकांना आढळले. म्हणजे पाटीपेक्षा पोटाचे कारण मोठे. माशांवरून माणसांच्या युद्धांविषयी त्यांनी काढलेल्या अनुमानांवर तर कडक टीका झाली, आणि ती रास्त होती.

१९७३ मध्ये लोरेन्झ, टिंबरगेन व मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्या वेळी लिहिलेल्या आत्मवृत्तात लोरेन्झ यांनी नाझी काळातील आपल्या लेखनाबद्दल खेद व्यक्त केला. तो पुरेसा नव्हता असे अनेकांस वाटले. २०१५ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठाने त्यांची सन्माननीय पदवी मरणोत्तर काढून घेतली.

निवृत्तीनंतर ते आल्टेनबर्गला परतले. १९८४ मध्ये हाइनबर्ग येथे डॅन्यूबकाठचे पाणथळ वन तोडून वीजधरण बांधण्याचा बेत झाला, तेव्हा हा वृद्ध शास्त्रज्ञ विरोध करणाऱ्यांच्या पाठीशी उभा राहिला. ते वन वाचले. १९८६ मध्ये ग्रेटल गेली. घरी समुद्राच्या पाण्याचा एक प्रचंड हौद त्यांनी बांधवून घेतला होता; त्याच्यासमोर खुर्ची टाकून ते तासन्‌तास प्रवाळी मासे पाहत बसत. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.