एका गुणाच्या रमाबाई

इतिहासाच्या पेपरात ‘जोड्या लावा’ हा प्रश्न ठरलेला असायचा. ‘अ’ गटात शारदा सदन, ‘ब’ गटात पंडिता रमाबाई. एक गुण. आपल्या वर्गात तो गुण सहसा कुणाचा जात नसे. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, इतिहास सुटला आणि रमाबाई त्या एका गुणापुरत्याच राहिल्या.

मध्यंतरी माझ्या मुलीचा अभ्यास घेताना तीच जोडी पुन्हा समोर आली. तिने विचारलं, या बाई ख्रिस्ती होत्या ना, मग शाळेला शारदेचं नाव कसं? मला उत्तर आलं नाही. बाईंनी वर्गात विचारल्यावर खाली मान घालून उभं राहावं, तशी अवस्था झाली. म्हणून वाचायला घेतलं. जे कळलं ते या स्मरणिकेच्या निमित्ताने तुम्हाला सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये असं मानणाऱ्या काळात त्यांनी आधी पत्नीला शिकवलं, आणि आईने रमाबाईंना. घराला घर असं नव्हतंच. तीर्थक्षेत्री पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. दुष्काळात तेही मिळेना. वडील, आई, थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघंच उरली, आणि देशभर पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पुढे भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, वेगळ्या जातीच्या वकिलाशी नोंदणी विवाह केला. मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी महिला डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात अशी साक्ष दिली. पुण्यातली सुधारक मंडळी त्यांच्या पाठीशी होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कारण वाचलं तेव्हा मी थांबले. समाजाने टाकलेल्या, बदनाम झालेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी आपल्या आश्रमात सांभाळतात, हे त्यांनी लंडनजवळ पाहिलं. अशा बाईला प्रायश्चित्त सांगणारे त्यांनी खूप पाहिले होते, जवळ घेणारे इथे पहिल्यांदा दिसले. हे कुठून आलं, असं त्यांनी विचारलं आणि ख्रिस्तापर्यंत पोचल्या.

पण ज्यांनी दीक्षा दिली त्यांच्याशीही त्यांचं पटेना. त्या शाकाहारीच राहिल्या, साडीच नेसत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून एखादं तत्त्व मानायला नकार दिला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ती मुळीच मान्य झाली नाही. भगिनींना वाटे ही हट्टी आहे. इकडे पुण्यात वाटे ही परकी झाली.

नंतर अमेरिकेत फिरून, पुस्तक लिहून, व्याख्यानं देऊन त्यांनी दहा वर्षांच्या मदतीचं आश्वासन मिळवलं, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. या घरात धर्म शिकवायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. विधवा मुलींनी आपापले आचार, सोवळंओवळं पाळावं, शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं. म्हणून नाव विद्येच्या देवीचं. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, इथल्याच.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. दार लावून घ्या म्हणजे प्रश्न मिटेल, असा सोपा मार्ग होता. त्यांनी तो घेतला नाही. मुलींना घरच्या धर्माची जशी मोकळीक आहे, तशी मला माझ्या धर्माची आहे, आणि ज्याने आपल्याला उभं केलं ते लपवायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे मी स्वतःला विचारलं, त्या पालकांत मी असते तर? खरं सांगते, मीही बहुधा मुलीला घरी आणलं असतं. विश्वासाने मूल पाठवलं आणि त्याचा धर्मच बदलला, ही भीती खोटी नव्हती. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही. पण घरी नेलेल्या विधवा मुलीपुढे काय वाढून ठेवलं होतं, हेही तितकंच खरं. त्यांतल्या एकीच्या जागी माझी लेक ठेवून पाहिली, तर उत्तर सोपं राहत नाही.

रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. ते उघडपणे ख्रिस्ती होतं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. कोणत्याही जातीची, आंधळी, आजारी, फसवलेली, कुणालाही परत पाठवलं जात नसे. त्या ख्रिस्ती म्हणून सरकारच्या बाजूच्या, असंही नव्हतं. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे हाल झाले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला.

माझ्यातल्या इंजिनिअरला भावला तो मुक्तीचा छापखाना. खिळे जुळवणं, छापणं, पुस्तकं बांधणं, सगळं मुली करत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं बायबल साध्या, अडाणी बाईला कळेल अशा मराठीत आणायला घेतलं. पंधराहून अधिक वर्षं ते काम चाललं. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम चालू राहिलं. शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. दोन वर्षांनी ते बायबल प्रसिद्ध झालं.

मुलीला आता एवढं सांगू शकते: त्यांनी मुलींवर दार बंद केलं नाही आणि स्वतःच्या श्रद्धेवरही नाही. दोन्हींची किंमत मोजली. मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे.

आपल्या इतिहासाच्या बाई संमेलनाला येणार आहेत म्हणे. बाई, त्या एका गुणाचं राहिलेलं उत्तर हे असं आहे. उशीर झाला, पण तपासून द्याल ना?