फादर अँजेलो सेक्की : आकाश न्याहाळणारे, पाणी मोजणारे धर्मगुरू

नाशिक शहराला पाणी पुरविणाऱ्या गंगापूर धरणासारख्या जलाशयात शैवाल सर्व थरांत सारखे पसरलेले नसते. जेथवर पुरेसा सूर्यप्रकाश पोहोचतो, तेथवरच ते वाढू शकते. पावसाळ्यात गोदावरी गाळ घेऊन येते तेव्हा ही सीमा पृष्ठभागाजवळ येते. पाणी निवळले की ती खाली सरकते. सिलिकेच्या कवचाचे जड डायटम स्थिर पाण्यात तळाकडे बुडू लागतात, तर काही नील-हरित शैवाले पेशींतील वायुपोकळ्यांच्या बळावर वर येतात. पाण्याची पारदर्शकता अजमावण्याचे सर्वात साधे साधन म्हणजे दोरीला बांधलेली एक चकती. ती येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की यांच्या नावाने जगभर ओळखली जाते.

त्यांचा जन्म जून १८१८ मध्ये इटलीतील रेज्जो एमिलिया येथे झाला. १८३३ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले व १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी राजकीय उलथापालथीमुळे येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. फादर सेक्की इंग्लंडमार्गे अमेरिकेतील जॉर्जटाऊन येथे गेले. १८४९ मध्ये परतल्यावर रोमन कॉलेजच्या वेधशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. संत इग्नेशियस मंदिराचा नियोजित घुमट कधी बांधलाच गेला नव्हता. त्यासाठी उभारलेल्या भक्कम आधारांवर त्यांनी नवी वेधशाळा उभी केली! तेथून त्यांनी सुमारे चार हजार ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास करून त्यांचे वर्गीकरण केले.

समुद्राशी त्यांचा संबंध आला तो १८६५ मध्ये. पोप महोदयांच्या आरमारातील अधिकारी अलेस्सांद्रो चाल्दी यांच्या निमंत्रणावरून ते एका जहाजावर गेले. वेगवेगळ्या आकारांच्या व रंगांच्या चकत्या पाण्यात सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, याची त्यांनी नोंद केली. सूर्याची उंची, आकाशाची स्थिती, जहाजाची सावली या सर्वांचा परिणामही तपासला. असा प्रयोग त्यांच्यापूर्वीही काहींनी केला होता; पण त्याला शिस्त दिली ती फादरांनी.

१८७० मध्ये पोप महोदयांचे रोमवरील राज्य संपुष्टात आले. नव्या शासनाने देऊ केलेले विद्यापीठातील अध्यासन फादर सेक्की यांनी नाकारले. पुढे येशूसंघाची घरे बंद झाली, तरी शासनाने त्यांना वेधशाळेतून हलविले नाही. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वेधशाळा शासनाने ताब्यात घेतली.

१८९९ मध्ये अमेरिकन अभियंते जॉर्ज व्हिपल यांनी पेयजलाच्या जलाशयांसाठी चकतीचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगविले. आज साधारणतः २० सेंटिमीटर व्यासाची अशी चकती वापरतात. ती दिसेनाशी होते त्याच्या सुमारे दोन ते तीन पट खोलीपर्यंत शैवालाला पुरेसा प्रकाश मिळतो, असा ढोबळ हिशेब आहे. पण गढूळ पाण्यात तो सरसकट लावता येत नाही.