दादरच्या घरात घडलेला चित्रपट

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मुद्रण व्यवसाय असे अनेक टप्पे त्यांनी अनुभवले. भागीदारांशी मतभेद झाल्याने चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना छापखाना सोडावा लागला आणि संसाराची घडी विस्कटली.

अशा काळात, १९११ मध्ये, गिरगावातील तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. त्या पडद्यावर राम आणि कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याच्या व प्रयोगांच्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत मिळाली. पुढे विमा पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी तंत्र समजून घेतले आणि विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते परतले.

भारतात मात्र या धंद्याचा अनुभव असलेला माणूस नव्हता आणि भांडवल द्यायला कोणी धजत नव्हते. तेव्हा फाळके यांनी कुंडीत बी पेरले, रोप वाढत असताना त्याची एकेक चौकट टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. तो पाहिल्यावर कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही या कामी आले.

‘राजा हरिश्चंद्र’ हा खऱ्या अर्थाने घरचा चित्रपट होता. दादरच्या राहत्या घराच्या आवारात देखावे उभे राहिले आणि चित्रीकरण सूर्यप्रकाशात होऊ लागले. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडलेली नसत. अंधारात यंत्रावर ती पाडण्याचे नाजूक काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. दिवसा पांढरी चादर धरून त्या नटांवर प्रकाश परतवीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग उभे राहिले, तर रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. पडद्यावर काम करण्यास वारांगनांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशा काढण्यास राजी करणे, हाही एक प्रश्नच होता. वडील हयात असता मिशी उतरवणे त्या काळी अशुभ मानले जाई. सिनेमात काम करणे कमीपणाचे समजले जात असल्याने, आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे घरी सांगण्याचा सल्ला फाळके सहकाऱ्यांना देत. वांगणीच्या बाह्य चित्रीकरणात तलवारी-भाले घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, अशी हकिकत सांगितली जाते.

६ महिने २७ दिवसांच्या परिश्रमांनंतर सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो प्रेक्षकांसमोर आला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

१९१८ मध्ये भांडवलदारांच्या साह्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पैशाची चणचण सरली; पण घरच्या कारखान्यातील एकजीव कारभार तेथे राहिला नाही आणि भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. बोलपटाच्या युगात, १९३७ मधील ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, काहीशा विस्मृतीतच, त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपट क्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान दिला जातो. अंधाऱ्या खोलीत त्या पहिल्या फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंची आठवण मात्र त्या मानाने फार थोड्यांना असते.