शेवटचा हात सुटेपर्यंत

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकून १९६७ मध्ये डेनिसही तिथेच रुजू झाले. १९६९ पासून केन थॉम्पसन यांच्यासोबत त्यांनी संगणक चालवणारी युनिक्स प्रणाली घडवली आणि तिच्यासाठी सी ही भाषा तयार केली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सीमध्ये नव्याने लिहिला गेला.

युनिक्समध्ये प्रोग्रामने फाइल उघडली की कर्नल त्याला एक छोटा क्रमांक देतो. उपकरणेही फाइलसारखीच उघडली जातात. हा क्रमांक सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत देता येईल अशा टोकनासारखा असतो. रुग्णाने तीन नंबरचे टोकन परत केले की ते पुढच्याला मिळते. प्रयोगशाळेने रक्ताच्या बाटलीवर फक्त ‘३’ लिहिले, तर रिपोर्ट भलत्याच रुग्णाचा ठरेल.

उपकरण हाताळणाऱ्या ड्रायव्हरचेही तसेच आहे. तो नुसता क्रमांक लक्षात ठेवून बसला आणि मधल्या काळात प्रोग्रामने ती फाइल बंद करून दुसरी उघडली, तर त्याच क्रमांकावर वेगळीच फाइल येते. म्हणून ड्रायव्हरने क्रमांकावरून मूळ फाइल गाठून तिची पकड घ्यायची असते. कर्नल पकडींची मोजणी ठेवतो. घेताना एक वाढवायची, काम संपले की एक कमी करायची. मोजणी शून्यावर आली की फाइल मोकळी होते. वॉर्ड, प्रयोगशाळा, एक्स-रे विभाग या सर्वांकडून परत आल्याशिवाय केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये जाऊ नये, तसेच हे.

कमी करायला विसरले तर मेमरी हळूहळू अडत जाते. एकदा जास्त कमी केले तर वापरात असलेलीच फाइल नाहीशी होते. यंत्र बंद पडते किंवा हल्लेखोराला वाट मिळते. रुग्णाशेजारच्या मॉनिटरमध्ये असे घडणे परवडणारे नाही.

ही मोजणी सत्तरच्या दशकातील युनिक्समध्येही होती. युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्समध्ये ती आहे, आणि लिनक्स प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात आहे.

रिची यांना १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार मिळाला. प्रोस्टेटचा कर्करोग आणि हृदयविकार यांनी उतारवयात त्यांची प्रकृती खालावली. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील घरी ते मृतावस्थेत आढळले. आठवडाभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्ज गेले होते. त्या गलबल्यात रिची यांच्या निधनाची बातमी फारच थोड्यांपर्यंत पोहोचली.