गच्चीवरचा एअरफायबर, मार्कोनी आणि खडकीचं बीम स्टेशन

कामोठ्यात एखाद्या बिल्डिंगच्या गच्चीवर एअरफायबरचा पांढरा डबा दिसला, तर त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. बसवणारा माणूस सिग्नल मोजत मोजत तो टॉवरच्या बाजूला वळवून फिक्स करतो. केबल न खेचता टॉवरवरून थेट घरात किंवा ऑफिसात ब्रॉडबँड, असं हे तंत्र. यातली मूळ युक्ती म्हणजे लहर चहूकडे उधळायची नाही, नेमक्या दिशेला सोडायची. ही युक्ती महाराष्ट्रात १९२७ सालीच आली होती. पनवेलहून कर्जतमार्गे पुण्याला जाताना शिवाजीनगरच्या आधी खडकी लागतं ना, तिथे.

ती आणणारी कंपनी होती गुल्येल्मो मार्कोनीची. शाळेत आपण त्याला ‘रेडिओचा जनक’ म्हणून पाठ करतो. पण खरी गोष्ट जास्त मजेशीर आहे, कारण हा माणूस जवळजवळ वीस वर्षं उलट्या दिशेनं गेला होता.

२५ एप्रिल १८७४ रोजी इटलीत बोलोन्या इथे त्याचा जन्म झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयर्लंडमधल्या जेमसन व्हिस्कीवाल्या घराण्यातली. विद्यापीठाची पदवी नाही. रेडिओ लहरी असतात हे हर्ट्झनं आधीच दाखवलं होतं. मार्कोनीनं १८९५ मध्ये घरच्या माळ्यावर यंत्र जुळवलं आणि टेकडीपलीकडे सिग्नल पोचवला. पोचल्याची खूण म्हणून पलीकडून बंदुकीचा बार काढायचं ठरलं होतं, तो ऐकू आला. पुढच्या वर्षी आईबरोबर तो लंडनला गेला आणि १८९७ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यानं कंपनी काढली. आजच्या भाषेत स्टार्टअप.

सुरुवातीच्या प्रयोगांत तो आखूड लहरी वापरायचा आणि त्यामागे वाकवलेला धातूचा पत्रा लावून त्या एका दिशेला फेकायचा. म्हणजे डिशच! पण अँटेना उंच केला, लहर लांब केली की सिग्नल आणखी दूर जातो, हे लक्षात आल्यावर तो पत्रा बाजूला पडला. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला तार बांधून त्यानं इंग्लंडहून सोडलेलं ‘एस’ हे अक्षर ऐकलं, असं जाहीर केलं. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. ते खरंच ऐकू आलं असेल का, यावर तज्ज्ञ आजही वाद घालतात. त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा डिटेक्टरही त्याचा स्वतःचा नव्हता. तसाच डिटेक्टर जगदीशचंद्र बोस यांनी दोन वर्षं आधी प्रसिद्ध केला होता. १९०९ चं नोबेल मात्र मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं.

धंद्यात तो कडक होता. बरीच वर्षं त्याच्या कंपनीचे ऑपरेटर दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलेल्या जहाजाशी बोलायलाच तयार नसत. कल्पना करा, तुमचं सिम एका कंपनीचं आणि मित्राचं दुसरीचं, म्हणून कॉलच लागणार नाही.

तोवर लहरी किलोमीटरमध्ये मोजायच्या झाल्या होत्या. त्यासाठी अवाढव्य मनोरे, प्रचंड वीज, आणि वेग कमी. कारण सोपं आहे: लहर जितकी लांब, तितकी फ्रीक्वेन्सी कमी आणि माहितीला जागाही कमी. तरीही ब्रिटिश साम्राज्यभर अशीच राक्षसी स्टेशनं उभारायचा बेत होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. शत्रूला ऐकू जाणार नाही असं काहीतरी हवं होतं, म्हणून १९१६ मध्ये मार्कोनी पुन्हा दोन-तीन मीटरच्या लहरी आणि परावर्तकाकडे वळला. चार्ल्स फ्रँकलिन हा त्याचा इंजिनिअर सोबत होता. १९२३ मध्ये आपल्या ‘इलेट्रा’ या बोटीवरून त्यानं तपासलं, तर इंग्लंडहून शंभर मीटरच्या आतल्या लहरीवर थोड्याशा विजेत पाठवलेला सिग्नल चार हजार किलोमीटरवर खणखणीत येत होता. वातावरणातल्या वरच्या थरावरून तो परत खाली वळत होता. म्हणजे ज्या लहरी त्यानं टाकून दिल्या होत्या, त्याच कामाच्या निघाल्या. आता प्रश्न पैशाचा होता. कंपनीचं नाव आणि भांडवल लांब लहरींत अडकलेलं. तरी त्यानं १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी बीमचा करार केला. मला वाटतं, १९०१ च्या पतंगापेक्षा ही हिंमत मोठी.

भारताची बीम सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. पाठवायचं स्टेशन खडकीला, घेण्याचं दौंडला. दोन्ही लांब ठेवली, नाहीतर आपल्याच जोरदार ट्रान्समीटरच्या गोंगाटात लंडनहून येणारा बारीक सिग्नल बुडाला असता. उंच मनोऱ्यांमध्ये फ्रँकलिननं तारांचे पडदे टांगले होते. सगळ्या तारांतल्या लहरी एका दिशेला जुळतात, इतर दिशांना एकमेकींना मारतात. आज ५जीच्या टॉवरवरच्या चपट्या पेटीत हेच होतं, फक्त ३३०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम नऊ सेंटीमीटरची, त्यामुळे डझनावारी अँटेना एका पेटीत मावतात आणि बीम इलेक्ट्रॉनिक्सनं फिरवता येतो.

बीमची तार स्वस्त पडायची. समुद्राखालच्या केबल कंपन्यांचं गिऱ्हाईक इतकं तुटलं, की १९२९ मध्ये दोन्ही धंदे एकत्र करावे लागले. खडकी-दौंड चालवणारी भारतीय कंपनीही पुढे केबलवाल्यांत मिसळली, १९४७ मध्ये सरकारी झाली, १९८६ मध्ये विदेश संचार निगम बनली आणि आज ती टाटा कम्युनिकेशन्स आहे.

मार्कोनीची शेवटची वर्षं कौतुकानं सांगण्यासारखी नाहीत. १९२३ मध्येच तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला होता आणि पुढे त्या राजवटीतली मोठी पदंही त्यानं घेतली. काम मात्र चालूच होतं. लहर आणखी आखूड करत त्यानं १९३३ मध्ये व्हॅटिकन आणि पोपचा उन्हाळी वाडा यांच्यात सुमारे अर्ध्या मीटरच्या लहरीवर टेलिफोनची लिंक बसवली. दोन इमारती, मध्ये तार नाही, समोरासमोर वळवलेले दोन परावर्तक.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचं निधन झालं. त्याच्यासाठी ब्रिटनसह अनेक देशांतले रेडिओ ट्रान्समीटर दोन मिनिटं बंद ठेवण्यात आले.