विश्लेषण : ‘संडे स्कूल’ जगभर पोहोचवणारा संपादक कोण होता?

चर्चमधील मुलांचे रविवारचे वर्ग आज जगभर भरतात. गाणी, खेळ आणि बायबलमधील गोष्टी असे त्यांचे स्वरूप असते. मात्र या वर्गांची चळवळ उभी राहिली ती अक्षरओळखीच्या गरजेतून. तिच्यामागे होते इंग्लंडमधील एका वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट रेक्स.

रेक्स कोण होते?

त्यांचा जन्म १७३६मध्ये ग्लॉस्टर शहरात झाला. वडिलांनी सुरू केलेल्या ‘ग्लॉस्टर जर्नल’ची धुरा १७५७मध्ये त्यांच्याकडे आली. तुरुंगांतील कैद्यांच्या दुरवस्थेवर ते सातत्याने लिहीत आणि कैद्यांना मदतही करत. मात्र गुन्हेगार सुधारण्यापेक्षा मुले गुन्ह्याकडे वळणारच नाहीत हे पाहणे सोपे, असे त्यांचे मत होत गेले.

रविवारच का?

ग्लॉस्टरमध्ये टाचण्या बनवण्याचा मोठा उद्योग होता आणि त्यात लहान मुलेही राबत. काही कामानिमित्त कामगार वस्तीत गेलेल्या रेक्स यांना फाटक्या कपड्यांतील मुले रस्त्यावर हुंदडताना दिसली. रविवारी कामाला सुटी असल्याने याहून जास्त गोंधळ असतो, असे तिथल्या एका बाईने सांगितले. शाळेसाठी मुलांकडे तेवढाच एक दिवस होता.

वर्ग कसे चालत?

१७८०मध्ये रेक्स आणि धर्मगुरू थॉमस स्टॉक यांनी वर्ग सुरू केले. शिकवणाऱ्या स्त्रियांना रेक्स दर रविवारी एक शिलिंग देत. सकाळी दहानंतर दोन तास वर्ग, दुपारी पुन्हा वाचन, मग चर्च आणि शेवटी धर्मशिक्षण, असा पाच वाजेपर्यंतचा दिवस असे. कपडे कसेही चालत. हात-तोंड धुतलेले आणि केस विंचरलेले असावेत, एवढीच अट होती.

विरोध कोणाचा होता?

गरिबांची मुले वाचू लागली तर डोईजड होतील, ही वरच्या वर्गातील अनेकांची धास्ती होती. विश्रांतीच्या पवित्र दिवशी शिकवणे काही धार्मिक मंडळींना खटकत होते.

श्रेय नक्की कोणाचे?

असा वर्ग भरवणारे रेक्स पहिले नव्हते. हॅना बॉल यांनी १७६९मध्येच हाय विकम येथे तो सुरू केला होता. ग्लॉस्टरच्या कामात स्टॉक यांचा वाटाही मोठा होता. रेक्स यांच्याकडे मात्र छापखाना होता. नोव्हेंबर १७८३मध्ये त्यांनी स्वतःचे नाव न देता या वर्गांचा वृत्तान्त छापला. त्यानंतर देशभरातून चौकशी सुरू झाली आणि १७८५मध्ये लंडनमध्ये ‘संडे स्कूल सोसायटी’ स्थापन झाली. कल्पना अनेकांची होती, ती घरोघरी पोहोचली बातमीमुळे.

पुढे काय झाले?

५ एप्रिल १८११ रोजी रेक्स यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत वर्गातील मुले चालली. प्रत्येकाला एक शिलिंग आणि केक मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. १८३१पर्यंत ब्रिटनमधील या वर्गांत सुमारे साडेबारा लाख मुले होती. १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर सरकारी मदतीच्या शाळा वाढल्या, अक्षरओळख तिकडे गेली आणि रविवारच्या वर्गांत मुख्यतः धर्मशिक्षण उरले. आज हे वर्ग केवळ धार्मिक वाटतात, त्याचे कारण हेच. इंग्लंडमधील असंख्य कामगार मुलांची पहिली शाळा मात्र हीच होती.