भागोजी नाईक : बंड आणि त्यामागील मागणी

मराठी चरित्रवाङ्मयात वंश, बालपण, शिक्षण, कार्य आणि अंत असा आयुष्याचा एक क्रम रूढ झालेला आहे. नाशिक परिसरातील भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक यांच्या वाट्याला हा क्रम आला नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरील खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील हकिगतीत भागोजींचा प्रवेश होतो तो शिक्षा झालेला इसम म्हणून. त्यापूर्वी ते अहमदनगरच्या पोलीस दलात अधिकारी होते, ही बाब तेथे ओझरती येते. वस्तुतः त्यांच्या चरित्राचे मर्म याच ओझरत्या उल्लेखात आहे.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील भिल्ल व कोळी नाईकांकडे घाटवाटांची आणि गावांची राखण परंपरेने होती. या राखणीचा मोबदला हक्क म्हणून मिळे. राज्यकर्त्यांना नाईकांची गरज होती. विश्वास मात्र नव्हता. हा अविश्वास इंग्रजांनी आणलेला नाही. यशवंतराव होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यापाठोपाठचा दुष्काळ यांनी मुलूख उजाड झाला असता, १८०४ च्या सुमारास पेशव्यांचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी कोपरगाव येथे भिल्लांना सलोख्याच्या मिषाने बोलावून त्यांची विश्वासघाताने कत्तल करविली. १८१८ नंतर कंपनी सरकारने धोरण बदलले. खानदेशात १८२५ पासून भिल्ल पलटण उभी राहिली, अन्यत्र नाईक मंडळी पोलिसांत घेतली गेली. राखणीचा हक्क जाऊन त्याच्या जागी पगार आला. हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. पगार मात्र वरिष्ठांच्या मर्जीने थांबविता येत असे. भागोजी नाईक हे या स्थित्यंतरात सापडलेल्या पिढीचे प्रतिनिधी होत.

सिन्नर तालुक्यातील नांदूर-शिंगोटे हे त्यांचे गाव. नाशिकहून पुण्यास जाणारा रस्ता याच गावावरून जातो. १८५५ मध्ये दंगा करणे व पोलिसांच्या कामात अडथळा आणणे या आरोपांवरून भागोजींना कैदेची शिक्षा झाली. ती भोगून ते सुटले, तेव्हा वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन देण्याची अट त्यांच्यावर घालण्यात आली. तीही मुदत संपली. अपराधाची शिक्षा आणि शिक्षेनंतरची हमी अशी दोन्ही देणी फिटल्यावर सामान्य रयतेचा सरकारशी असलेला हिशेब पुरा होतो. भागोजींच्या बाबतीत तो पुरा झाला नाही. नोकरी गेलेली होती, उपजीविकेची सोय नव्हती. अशा स्थितीत १८५७ च्या उठावाच्या धास्तीने सरकारने सरसकट शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला. ज्या समाजाची प्रतिष्ठा आणि पोटाची भाकर दोन्ही राखणीच्या हत्यारावर अवलंबून होती, त्याला या हुकुमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. भागोजींनी गाव सोडले.

सुमारे पन्नास भिल्ल त्यांना येऊन मिळाले आणि गावापासून मैलभर अंतरावर, पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशा ठिकाणी त्यांनी ठाणे केले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री तेथे पोहोचला. त्याने प्रथम संगमनेर व सिन्नरच्या मामलेदारांकरवी शरण येण्याविषयी बोलणे लावले. भागोजींनी उलट निरोप पाठविला तो असा, की दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि चरितार्थाची काही तजवीज व्हावी. एरवी शरण येणे नाही. या निरोपाला उत्तर म्हणून पोलिसांना चाल करून जाण्याचा हुकूम मिळाला. चकमकीत हेन्री प्राणघातक जखमी होऊन पडला आणि भिल्ल डोंगरात निघून गेले.

या घटनेने नाशिकच्या दक्षिणेकडील आणि अहमदनगरच्या उत्तरेकडील भिल्ल वस्ती हलून गेली. राहुरीकडे पाथर्जी नाईकांनी वेगळी टोळी उभारली. १८ ऑक्टोबरला समशेरपूरच्या डोंगरात लष्कराशी झुंज झाली. महादेव कोळीही उठावात सामील होतील या भीतीने सरकारने कॅप्टन नटाल याच्या हाताखाली कोळ्यांचीच पलटण उभी केली आणि एका डोंगरी समाजाला दुसऱ्याच्या पाठलागावर धाडले. उठाव शमल्यावर, मार्च १८६१ मध्ये ही पलटण मोडण्यात आली. काही थोडे लोक पोलिसांत गेले, बाकीचे पुन्हा नांगराकडे वळले. सरकारच्या बाजूने लढलेल्यांची सेवाही अशा रीतीने गरजेपुरतीच ठरली.

५ जुलै १८५९ रोजी संगमनेरजवळ अंभोरा दऱ्यात नटालच्या तुकडीने भिल्लांना अचानक गाठले. त्यात भागोजींचे पुत्र यशवंत मारले गेले आणि सहकारी हरजी नाईक पकडले गेले. त्यानंतरही भागोजी थांबले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांनी कोपरगावकडील कोऱ्हाळे गाव लुटले. या लुटीची झळ गावकऱ्यांना बसली, हे नाकारण्याचे कारण नाही. अखेर ११ नोव्हेंबर १८५९ रोजी फ्रँक साउटर याने सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे त्यांना गाठले. त्या लढाईत भागोजी आणि त्यांचे बहुतेक सोबती धारातीर्थी पडले. साउटर पुढे १८६४ मध्ये मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

भागोजींच्या मृत्यूनंतर त्यांच्याविषयी दोन भाषा प्रचलित झाल्या. पहिली शासकीय. तिने त्यांना टोळीचा म्होरक्या ठरविले. जन्मावरून माणसाच्या वर्तनाचा निवाडा करणारी ही दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अधिकृत झाली आणि तो कायदा देशपातळीवर १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत टिकली. दुसरी भाषा स्वातंत्र्योत्तर गौरवाची. तिने त्यांना १८५७ च्या समरातील क्रांतिवीराचे स्थान दिले. हे स्थान रास्त आहे. तथापि या दोन्ही भाषांत एक समान उणीव राहते. नांदूर-शिंगोट्याच्या माळावरून त्यांनी मामलेदारांकरवी जी मागणी कळविली, तिचे दोन्हींना फारसे महत्त्व वाटत नाही. गुन्हेगाराची मागणी ऐकण्याची गरज नसते, आणि हुतात्म्याला वेतन मागणे शोभत नाही, अशी ही समजूत आहे.

ती मागणी राज्याची नव्हती, सूडाचीही नव्हती. केलेल्या नोकरीचा मोबदला आणि जगण्याची व्यवस्था एवढेच तीत होते. सरकारी सेवकाने सरकारकडे करावी तशी ती मागणी होती, आणि ती करणारा भिल्ल होता म्हणूनच ती धमकी म्हणून ऐकली गेली. आदिवासींच्या मार्गातील अडसर केवळ दारिद्र्याचा वा दुर्गमतेचा नसून त्यांचे बोलणे ज्या कानांनी ऐकले जाते त्या कानांचाही आहे, हे या चरित्रातून स्पष्ट होते. आदिवासी चरित्रनायकांच्या अभ्यासात शौर्याची नोंद होतेच. तिच्या जोडीला त्यांच्या मागण्यांची नोंद झाली, तरच त्या अभ्यासाला पूर्णता येईल.